पाठमोरी मैफल

चित्रात सगळ्यात आधी दिसते ती झुकलेली मान. खांदा आणि कान यांच्यामध्ये हेडफोनचा एक कप दाबून धरलेला, दुसरा कान खोलीसाठी मोकळा. समोर दोन टर्नटेबल, मध्ये मिक्सर. वाजवणाऱ्याच्या पाठीमागे थोडी माणसे उभी आहेत. कुणाच्या हातात बिअरचा कॅन आहे, कुणी मित्राशी बोलतो आहे, एक जण डोळे मिटून मान हलवतो आहे. चित्राला धार नाही. काळोख्या जागा करड्या ठिपक्यांनी भरल्या आहेत. आणि कॅमेरा हलत नाही. तासभर, दोन तास तो एकाच जागेवरून बघत राहतो, कारण तो भिंतीला चिकटपट्टीने लावलेला आहे.

‘बॉयलर रूम’चे हे सुरुवातीचे रूप. मार्च २०१० मध्ये लंडनच्या ब्लेझ बेलव्हिल याने ‘प्लॅटफॉर्म’ या आपल्या ऑनलाइन मासिकासाठी थ्रिस्टियन रिचर्ड्स आणि फेमी अडेयेमी या दोन डीजेंना बोलावले. काम साधे होते, एक मिक्सटेप ध्वनिमुद्रित करायची. जागा होती एका गोदामातली, वापरात नसलेली बॉयलरची खोली. बेलव्हिलने भिंतीवर वेबकॅम चिकटवला आणि त्यांचे वाजवणे ‘युस्ट्रीम’ या संकेतस्थळावरून थेट दाखवले. मग दर आठवड्याला खोली भरू लागली, रिचर्ड्स सूत्रसंचालन करू लागला, आणि जेम्स ब्लेक, जेमी एक्सएक्स यांच्यासारखे तेव्हाचे नवे संगीतकार त्या टेबलामागे उभे राहिले.

नाव पुढे जगभर झाले. शहरे वाढली, कॅमेरे वाढले, पैसा आला. मला मात्र पुन्हा पुन्हा त्या पहिल्या वर्षांतल्या चित्रणांकडे जावेसे वाटते. दिग्दर्शक नाही, संकलन नाही, प्रकाशयोजना नाही, आणि तरीही हे चित्रण म्हणजे इंटरनेट रेडिओच्या पोटी जन्मलेली सर्वांत अस्सल दृश्यरचना आहे असे मी मानतो. त्या कॅमेऱ्याने वाजवणे टिपले असे आपण सहज म्हणून जातो. नीट बघितले तर त्याने ऐकणे टिपले आहे.

आधी जागेची मांडणी बघू. कुठल्याही रंगमंचावर कलाकाराचे तोंड प्रेक्षकांकडे असते. क्लबमध्येही डीजेचे टेबल नाचणाऱ्यांकडे तोंड करून मांडतात, मग ते उंच चौथऱ्यावर असो की कोपऱ्यात. इथे टेबल कॅमेऱ्याच्या भिंतीकडे वळले आणि सगळा हिशेब उलटला. खोलीत हजर असलेल्यांच्या वाट्याला डीजेची पाठ आली. चेहरा, मनगटे, मिक्सरवरची बोटे हे सगळे मिळाले ते खोलीत नसलेल्याला, कुठल्या तरी दूरच्या गावात मध्यरात्री लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलेल्या एकट्या माणसाला. हजर माणूस मागच्या रांगेत आणि गैरहजर माणूस पहिल्या रांगेत. सुरुवातीला त्या खोलीत निमंत्रणाशिवाय प्रवेश नव्हता, त्यामुळे ही उलटापालट आणखीच ठळक होते. आत जायला ओळख लागे. पहिली रांग कुणालाही मोकळी होती.

आपल्या बैठकीत गायक समोरच्या जाणकाराच्या चेहऱ्यावर नजर ठेवून गातो. घेतलेली जागा पोचली की नाही हे त्याला तिथल्या तिथे कळते. या डीजेला ती सोय नाही. रसिक पाठीमागे आहेत आणि समोरची काच काही सांगत नाही. मग तो पाठीने ऐकू लागतो. एखाद्या गाण्याचे पहिले चार ठोके पडतात, मागून आरोळी उठते, आणि त्याच्या खांद्यांत काही तरी सैल होते. कधी तो क्षणभर वळून बघतो, ओळखीच्या चेहऱ्याकडे बघून हसतो, आणि लगेच पुन्हा टेबलावर वाकतो. त्या वळण्यात केवढे कुतूहल असते! आपल्याला मात्र हे सगळे एकाच वेळी दिसते, दाद देणारे चेहरे आणि दाद झेलणारा चेहराही. खोलीतल्या कुणालाही हे एकत्र दिसत नाही. ते फक्त भिंतीवरच्या डोळ्याला दिसते, म्हणून आपल्याला.

आता हात. एक रेकॉर्ड खोलीत वाजते आहे. दुसरी फिरते आहे, पण तिचा आवाज अजून बाहेर सोडलेला नाही. तो फक्त हेडफोनमध्ये आहे. डीजे एका कानाने खोलीतला ठेका ऐकतो, दुसऱ्याने येणारा. दोन्हींची लय जवळपास सारखी असते, तंतोतंत नसते. टेक्निक्स १२०० या टर्नटेबलच्या उजव्या कडेला एक सरकपट्टी आहे. तिने तबकडीचा वेग आठ टक्क्यांपर्यंत कमी-जास्त करता येतो. तो ती केसभर सरकवतो. मग तबकडीची कड बोटाने हलकेच अडवतो, किंवा मधल्या लेबलावर बोट टेकवून तिला जराशी पुढे ढकलतो. दोन ढोल एकावर एक बसतात. हलणारी मान थांबते, पुन्हा हलू लागते, आणि आता ती वेगळ्याच कशाला तरी डोलते आहे हे आपल्याला दिसते. आपल्या कानावर अजून जुनेच गाणे आहे.

या चित्राचा खरा रस इथे आहे. आपण ऐकतो आहोत त्याच्या पुढचे तो ऐकतो आहे. त्याच्या चेहऱ्यावर आत्ता जे उमटले ते आपल्या कानावर यायला अजून मिनिटभर अवकाश आहे. नुसत्या रेडिओवर हे मिनिट श्रोत्याला मिळत नाही. तिथे दुसरे गाणे पहिल्यात अलगद मिसळते आणि आपल्या ध्यानात येईपर्यंत ते घडून गेलेले असते. क्लबमध्ये अंधार असतो, गर्दी असते, लोक नाचायला आलेले असतात. डीजेच्या बोटांकडे बघत उभा राहणारा तिथे विरळा. ते मधले मिनिट, जिथे डीजेची सगळी कला आहे, या स्वस्त कॅमेऱ्याने चारचौघांत आणले. आणि तो एका जागी खिळलेला होता म्हणूनच हे जमले. बाहेरून बघता त्या मिनिटात काहीच घडत नसते. जाणता कॅमेरामन असता तर नेमका तेव्हाच नाचणाऱ्यांकडे वळला असता.

चुकाही दिसतात. दोन ठेके सुटतात, ढोल एकमेकांच्या पुढेमागे पडू लागतात, आवाज अडखळतो. कपाळावर आठी येते, हात झटकन तबकडीकडे जातो आणि दोन-तीन सेकंदांत सावरतो. ध्वनिमुद्रित मिक्समधून असे क्षण पुसून टाकतात. इथे ते आहेत तसे राहिले. मला ते क्षण मौल्यवान वाटतात, कारण दोन तालांचे जुळणे मुळात किती अवघड आहे हे त्यांच्याशिवाय कळत नाही. लॅपटॉपवरून वाजवणाऱ्यांच्या चित्रणात हा भाग फिका पडतो. तिथे नजर पडद्यावरच्या आलेखांवर खिळते, चेहऱ्यावर निळसर उजेड पडतो, आणि ऐकण्यापेक्षा वाचणे जास्त दिसते. संगीत तितकेच चांगले असू शकते. चित्र मात्र गरीब होते. गंमत अशी की टेक्निक्स १२०० चे उत्पादन थांबवल्याची बातमी २०१० मध्येच आली. ते पुन्हा सुरू झाले २०१६ मध्ये. म्हणजे जगाने त्या यंत्रावरची बोटे इतक्या जवळून बघायला सुरुवात केली तेव्हा ते यंत्र बाजारातून जात होते.

पाठीमागच्या माणसांविषयी थोडे सांगायला हवे. सुरुवातीच्या चित्रणांत ती नाचत असतातच असे नाही. बरीचशी नुसती उभी असतात. कुणी भिंतीला टेकून, कुणी हाताची घडी घालून. पुढे याची टवाळी झाली, की लंडनची ही मंडळी संगीताला थंड असतात. मला ते पटत नाही. या लोकांत बरेच जण स्वतः संगीत करणारे किंवा संगीताच्या धंद्यातले होते. ते शेजाऱ्याचे काम बघायला यावे तसे आले होते. त्यांचे स्तब्ध उभे राहणे हे ऐकणेच आहे. एखादी अप्रकाशित रेकॉर्ड वाजली की त्यांच्यात जी हालचाल होते, मित्राच्या दंडाला जो हात लागतो, ‘हे कुणाचे?’ असे विचारणारी जी भुवई वर जाते, ती मोठ्या जल्लोषापेक्षा जास्त सांगते. युस्ट्रीमच्या पानावर चित्राच्या शेजारी गप्पांचा रकाना चालू असे. दूरचे श्रोते तिथे तोच प्रश्न टंकत असत. खोलीतला आणि खोलीबाहेरचा जाणकार एकाच वेळी एकाच गाण्याचे नाव शोधत असत.

आणखी एक गोष्ट नीट बघायची तर तेव्हाचे लंडन आठवावे लागते. क्लबमधल्या या संगीताची काशी म्हणजे शोरडिचमधला ‘प्लास्टिक पीपल’ हा क्लब, एक छोटे तळघर, अप्रतिम ध्वनियोजना आणि जवळजवळ पूर्ण काळोख. काळोख हा तिथला नियम होता, कारण डोळ्यांना काम नसले की कान आणि छाती दोन्ही उघडतात अशी श्रद्धा होती. बर्लिनच्या ‘बेर्गहाइन’ या क्लबमध्ये तर छायाचित्रणाला बंदीच आहे. अशा परंपरेत वाढलेल्या संगीतावर कॅमेरा लावणे हा मोठा धोका होता. दिवा लावला की माणूस सावध होतो. पण पहिल्या वेबकॅमसाठी वेगळी प्रकाशयोजना नव्हती, आणि जे चित्र मिळे ते इतके अपुरे असे की डोळा त्यावर रेंगाळून पुन्हा कानाकडे परतत असे. चित्राच्या गरिबीने संगीताची अब्रू राखली असे मी म्हणेन.

त्या काळोखाशेजारी लंडनची दुसरी परंपरा होती, चोरट्या रेडिओची. ‘रिन्स एफएम’ १९९४ पासून उंच इमारतींच्या गच्च्यांवर अँटेना लपवून विनापरवाना वाजत होते, आणि त्याला रीतसर परवाना मिळाला तो २०१० मध्येच. त्या स्टेशनांच्या खोल्या अशाच कोंदट असत, दोन टर्नटेबल, एक मायक्रोफोन आणि ठेक्यावर बोल म्हणणारे, दाटीवाटीने उभे एमसी. ग्राइम या लंडनच्या रॅप-संगीतातला कलाकार जॅमर याने २००४ मध्ये ‘लॉर्ड ऑफ द माइक्स’ ही डीव्हीडी काढली. लेटनस्टोनमधल्या आपल्या घराच्या तळघरात कॅमेरा हातात धरून केलेली ती चित्रणे बघितली की बॉयलर रूमची मुळे कुठे आहेत ते कळते. लंडनचे रेडिओ खोलीत होते, आणि खोलीत कॅमेरा आला. फरक इतकाच की डीव्हीडी दुकानातून विकत आणावी लागे, आणि हे चालू असताना दिसत होते.

अर्थात डीजेला थेट दाखवण्याचा खटाटोप याहून जुना आहे, आणि त्याची कथा अमेरिकेत घडते. सिॲटलच्या प्रोग्रेसिव्ह नेटवर्क्स या कंपनीने १९९५ मध्ये इंटरनेटवरून आवाज ऐकवणारे रिअलऑडिओ आणले आणि १९९७ मध्ये चित्र दाखवणारे रिअलव्हिडिओ. सॅन फ्रान्सिस्कोत ‘बीटालाउंज’ १९९६ पासून डीजेंना बोलावून त्यांचे वाजवणे इंटरनेटवर सोडत होते. सिॲटलमध्ये ‘ग्रूव्हटेक’ने रेकॉर्डचे दुकान आणि इंटरनेट रेडिओ एकत्र चालवले, डीजे वाजवतो आहे हे कॅमेऱ्यातून दिसे आणि तीच रेकॉर्ड दुकानातून मागवता येई. न्यूयॉर्कमध्ये जॉश हॅरिसच्या ‘स्यूडो’ या इंटरनेट वाहिनीवर ‘८८ हिपहॉप’ चाले, त्यात डीजे आणि रॅपर दोघेही थेट येत. घरोघरी तेव्हा २८.८ किंवा ५६ किलोबिटचा मोडेम होता. त्यातून जे चित्र झिरपे ते तिकिटाएवढे, सेकंदाला मोजक्याच चौकटींचे. हात तबकडीवर दिसे, मग एकदम मिक्सरवर. मधला प्रवास गायब. आवाज आणि चित्र यांची गाठ क्वचितच पडे.

त्या यंत्रणेतली एक गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. १९९८ च्या सुमारास सिॲटलच्या त्याच कंपनीने अशी सोय केली की जोडणी मंदावली तर आधी चित्राचा बळी द्यायचा. चौकटी कमी होत जातील, चित्र एका जागी गोठेल, पण आवाज शक्य तोवर चालू राहील. अभियंत्यांनी हा निर्णय व्यवहार म्हणून घेतला असेल. डीजेच्या बाबतीत तो रसिकतेचाही ठरला. चित्र गोठले आहे, झुकलेली मान तशीच राहिली आहे, आणि खाली ठेका अखंड चालू आहे. पुढच्या पिढीने चित्राकडे ज्या सवयीने बघितले ती सवय इथे लागली. चित्र ही आवाजाला लाभलेली जोड. ते गेले तरी कार्यक्रम थांबत नाही.

आपल्याकडे विदेश संचार निगमने इंटरनेट सर्वांना खुले केले ते १५ ऑगस्ट १९९५ ला, आणि मुंबई-पुण्यातल्या सायबर कॅफेंत तासाप्रमाणे पैसे मोजून बसणाऱ्यांना अशी चित्रे म्हणजे मुख्यतः बफरिंगचे आकडे. आवाज मात्र कधीमधी पोचत असे, तुटक, पाण्याखालून आल्यासारखा. तेवढ्यावरही काहींचे कान वळले.

त्या पहिल्या अमेरिकन लाटेचा शेवट झपाट्याने झाला. स्यूडो सप्टेंबर २००० मध्ये बंद पडले. २००२ मध्ये इंटरनेट रेडिओच्या स्वामित्वशुल्काचा दर ठरला, दर गाण्याला दर श्रोत्यामागे ०.०७ सेंट. त्याआधी १ मे रोजी अनेक स्टेशनांनी निषेध म्हणून दिवसभर मौन पाळले होते. ऐकणारे वाढले की देणे वाढते, असा हा हिशेब होता, आणि छोट्यांना तो झेपणारा नव्हता.

मार्च २०१० मध्ये लंडनच्या बरोबरीनेच टोकियोतही एक खोली उघडली. १ मार्चला शिबुया भागातल्या तळघरात नाओहिरो उकावा या कलावंताने ‘डोम्यून’ सुरू केले. तेही युस्ट्रीमवरून, तेही छोट्या जागेत. पण चौकटीची कल्पना अगदी वेगळी. उकावा मुळात दृश्यकलेतला माणूस. त्याच्याकडे अनेक कॅमेरे होते, चित्रे एकमेकांत मिसळत, आणि त्या मिसळण्यालाही वादनाइतकेच महत्त्व होते. संध्याकाळी आधी दोन तास गप्पा, एखाद्या संगीतकारावर, चित्रकारावर, कधी समाजातल्या प्रश्नावर, आणि नंतर मध्यरात्रीपर्यंत डीजे. २०११ च्या भूकंपानंतर तिथे अणुऊर्जेवरही चर्चा झाल्या. म्हणजे आधी बोलणे ऐकायचे, मग त्याच कानांनी ठेका ऐकायचा. डोम्यूनमध्ये विचार जास्त आहे, सौंदर्यही जास्त आहे. तरीही डीजेचे ऐकणे बघायचे असेल तर मी लंडनच्या मुक्या वेबकॅमकडेच जाईन, कारण उकावाच्या चित्रात डीजेबरोबर उकावाही वाजवत असतो. दोन कलावंतांची ती जुगलबंदी आहे आणि ती तशीच बघावी.

बॉयलर रूमची चौकट किती काळ निर्मळ राहिली? फार नाही. लोकांना कळले की आपण दिसतो आहोत. २०१३ मध्ये माँट्रिआलला केट्रानाडा या डीजेने वाजवले ते चित्रण अफाट गाजले. ते संगीतासाठी जितके गाजले तितकेच पाठीमागच्या माणसांसाठी. बघणाऱ्यांनी एकेका चेहऱ्याला नावे ठेवली, त्यांच्या कथा रचल्या. ते चित्रण मलाही आवडते. त्यात खोली खरोखर जिवंत आहे. पण तिथून पुढे पाठीमागची जागा ही मिरवण्याची जागा झाली. माणसे कॅमेऱ्याकडे बघून नाचू लागली, टेबलाला खेटून उभी राहू लागली. कॅमेरे तीन झाले, पाच झाले, फिरू लागले, आणि ते मधले मिनिट कापले जाऊ लागले. २०२१ मध्ये कंपनी ‘डाइस’ या तिकीटविक्रेत्या कंपनीने घेतली, तोवर ती खोली म्हणजे एक ठरलेला साचा झाली होती. डीजेने पाठ फिरवून उभे राहायचे ही मूळची अडचण. आता मोठाल्या मैदानांवर ती मुद्दाम मांडली जाते. तिथे उत्साह आहे, आणि तरुण मुलांचा आनंद खराच आहे. माझी तक्रार एवढीच आहे की तिथे कुणाला ऐकताना बघता येत नाही.

ज्यांना बघायचे आहे त्यांनी सुरुवातीच्या वर्षांतले कुठलेही तासाभराचे चित्रण लावावे आणि पहिली पंधरा-वीस मिनिटे जाऊ द्यावीत. तोवर डीजे कॅमेरा विसरलेला असतो. मग आवाज जरा मोठा करावा आणि नजर हेडफोनवर ठेवावी. कप कानाला लागला की गाणे बदलणार आहे. कोणते, हे त्याच्या मानेवरून ओळखता येते का ते बघावे.

त्या पहिल्या संध्याकाळी वाजवणाऱ्या दोघांपैकी रिचर्ड्स खोलीत राहिला आणि तिचा आवाज बनला. फेमी अडेयेमी बाहेर पडला. एप्रिल २०११ मध्ये त्याने डॉलस्टनच्या गिलेट चौकातल्या एका लहानशा जागेतून ‘एनटीएस’ सुरू केले. ते रेडिओ स्टेशन होते, आणि त्याचा मुख्य ऐवज आवाज होता.